आत येण्यापूर्वी परवानगी घ्यावी

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला फाटक आहे. चांगलं लोखंडी, निळ्या रंगाचं. कमानीवर शाळेचं नाव, आणि त्याच्या दुप्पट अक्षरांत, ज्यांच्या निधीतून ते उभं राहिलं त्यांचं नाव. फाटकाला कुलूपही आहे. फक्त फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही. फाटक आमदार निधीतून यायचं होतं आणि भिंत रोजगार हमीतून; दोन्ही एकाच वेळी निघाली, त्यातलं फाटक पोचलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला भिंत किंवा कुंपण हवं असं लिहिलेलं आहे, त्यामुळे कागदोपत्री आम्ही एका बाजूने पूर्ण आणि तीन बाजूंनी प्रस्तावित आहोत. गावातल्या शेळ्या, गुरं आणि ग्रामपंचायत सदस्य कडेने ये-जा करतात. फाटकापाशी थांबतो तो परगावचा. किल्ली सापडेपर्यंत तो बिचारा उन्हात उभा असतो आणि त्याच्या शेजारून, त्याच्याकडे मान वळवून बघत, एक म्हैस आत जाते.

फाटकावर पाटी आहे : ‘आत येण्यापूर्वी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी.’ मुख्याध्यापक आत असतात. म्हणजे परवानगी मागायला आत जावं लागतं आणि आत जायला परवानगी लागते. या पेचातून पाहुण्यांनी एक सोपी वाट काढलेली आहे. ते पाटी वाचत नाहीत.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण, मी शालेय व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. मुलगी तिसरीत आहे, एवढ्याच भांडवलावर हे पद मिळतं. २००९ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला अशी समिती ठेवायला लावली. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्याकडे निम्म्या बायका आहेत. त्यातल्या काहींच्या वतीने त्यांचे यजमान येऊन बसतात, चहा घेतात, आणि सही मात्र ‘घरून आणतो’ म्हणून वही घेऊन जातात. तर या समितीपुढे एक दिवस तालुक्याहून कागद आला, की शाळेत येणाऱ्या अभ्यागतांसाठी नियमावली तयार करून दर्शनी भागात लावावी. तालुक्याहून जे मागवतात ते नेहमी कालपर्यंत हवं असतं. सोबत नमुना जोडलेला होता. पाहुण्याने ओळख सांगावी, वहीत नाव, वेळ आणि कारण लिहावं, तास चालू असताना वर्गात जाऊ नये, मुलांचे फोटो काढू नयेत, परस्पर खाऊ वाटू नये, तंबाखू-धूम्रपान करू नये, मोबाईल बंद ठेवावा, मोठ्याने बोलू नये. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती : नियमावली लावल्याचा, विद्यार्थ्यांसह काढलेला फोटो त्वरित गटावर टाकावा.

वाचून झाल्यावर हेडबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “हे साहेबांना पण लागू आहे का?”

कुणीच काही बोललं नाही. शेवटी आमचे अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही पाहुण्यांचं विचारा. साहेब म्हणजे पाहुणे होत?”

यातच सगळं आलं. सरकारी शाळेत परवानगी मागावी लागेल असा माणूस शोधायला लागलो की एकेक जण आपोआप गळत जातो. साहेब वरिष्ठ, म्हणून ते. सरपंचांच्या मते शाळा गावाची, म्हणजे त्यांची. माजी विद्यार्थी भिंतीवरचं स्वतःचं कोरलेलं नाव दाखवतो. जागा ज्यांच्या आजोबांनी दान दिली ते तर कधीकधी आपण परवानगी देऊ का, अशा बेताने येतात. गावात पाहुणा असा कुणी उरतच नाही.

साहेबांची परंपरा जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर इंग्रजांनी शिक्षणखातं उभारलं आणि त्याबरोबर शाळा तपासणारे अधिकारी नेमले. खेड्यातल्या माणसांनी त्यातल्या डेप्युटी इन्स्पेक्टरला ‘दिपोटी’ करून टाकलं. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवायची, पोरांच्या टोप्या धुवायच्या, ज्याला काही येत नाही त्याला त्या दिवशी रानात पाठवायचं, हा शिरस्ता आमच्या आजोबांच्या पिढीने पाळला. दिपोटी वर्षाकाठी एखाद्या वेळी यायचा, आणि घोड्यावरून यायचा, त्यामुळे धूळ दिसायची, निदान पूर्वसूचना मिळायची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि मग भेटीला येणाऱ्यांची एक उतरंडच लागली. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, क्वचित खुद्द मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यांच्या जोडीला पोषण आहार बघणारे, शौचालय बघणारे, हात धुण्याचा नळ बघणारे, आणि ‘माझी शाळा सुंदर शाळा’ अभियानात शाळा किती सुंदर झाली त्याचे गुण देणारे. आता धूळ दिसत नाही, वाट डांबरी झाली. पण आधीच्या गावच्या शाळेतून फोन येतो, “निघाले. खिचडी खाल्ली नाही, तुमच्याकडे खातील.”

आमची शाळा दोनशिक्षकी. चार वर्ग, दोन शिक्षक, एक खुर्ची. म्हणजे खुर्च्या आणखी आहेत, पण ज्यावर टॉवेल टाकता येतो अशी एकच. साहेब आले की हेडबाई उठतात, साहेब बसतात, आणि बाई त्यांच्यासमोर स्टुलावर बसून आपल्याच टेबलावरच्या आपल्याच रजिस्टरांबद्दल उत्तरं देतात. तेवढा वेळ दुसरे गुरुजी चारही वर्ग सांभाळतात. सांभाळणं म्हणजे चौथीला शुद्धलेखन, तिसरीला पाढे, दुसरीला चित्र आणि पहिलीला बोटाने गप्प. दोघे साहेब एकदम आले तर गुरुजींनाही बोलावणं येतं आणि वर्ग चौथीतली एक मुलगी सांभाळते. ती चांगलं सांभाळते. तिचा आवाज गुरुजींपेक्षा मोठा आहे.

मग साहेब वर्गात येतात. ‘तास चालू असताना वर्गात जाऊ नये’ हा नियम इथे आपोआप पाळला जातो, कारण साहेब आल्या क्षणी तास बंद पडलेला असतो. पोरं उभी राहून “एक साथ नमस्ते” ओरडतात. हे इतकं घोटलेलं असतं की एकदा दारातून वाकून बघणाऱ्या बोकडालाही तो मान मिळाला. साहेब प्रश्न विचारतात. पंतप्रधान कोण, मुख्यमंत्री कोण (हा प्रश्न अलीकडे पोरांना अवघड जातो, आणि दोष पोरांचा नाही), आणि मग हमखास एकोणतीसचा पाढा. एखादं धीट पोरगं तो घडाघडा म्हणतं. एकोणतीस सत्ते काय, हे त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नसतं. साहेब बाईंकडे बघतात, बाई खिडकीकडे बघतात, आणि साहेब म्हणतात, “शाब्बास. बस.”

शेवटचा प्रश्न ठरलेला : मोठेपणी कोण होणार? याचं उत्तर पोरं माणूस बघून देतात. जिल्हाधिकारी आले तर अख्खा वर्ग जिल्हाधिकारी होतो, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले तर डॉक्टर. दुसरीतल्या एका पोराने मात्र एकदा सरळ सांगितलं, “पाहुणा.” साहेबांनी विचारलं, “म्हणजे?” तो म्हणाला, “खुर्ची मिळते, नारळ मिळतो, चहा मिळतो, आणि काहीच करायचं नसतं.” साहेब हसले. हसावंच लागतं. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, ‘मुलांमध्ये निरीक्षणशक्ती आढळली.’

शेरेबुक हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याच्याकडे समीक्षकांचं अक्षम्य दुर्लक्ष झालं आहे. ‘आज रोजी शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ आढळला. विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. शिक्षकांना मार्गदर्शन केले.’ उत्तरं बरोबर होती की नाही याचा उल्लेख नाही. दिली, एवढं नमूद. मार्गदर्शन काय केलं हेही गुलदस्त्यात. मी एकदा जुनी शेरेबुकं उलटून पाहिली. अक्षर बदलतं, शाई बदलते, शिक्के बदलतात, पण परिसर सतत स्वच्छच आढळत आलेला आहे. ज्या वर्षी वादळात छप्पर उडालं त्या वर्षीही स्वच्छ आढळला, आणि त्या वर्षी तर तो खरोखरच फार स्वच्छ होता.

पोशाखाची एक गंमत झाली. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांसाठी पोशाखाचे नियम काढले. पुरुषांनी शर्ट-पँट, बायकांनी साडी किंवा सलवार. जीन्स आणि टी-शर्ट नको. गुरुजींनी निमूटपणे कपाट बदललं. पाहुण्यांच्या पोशाखाबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्यामुळे जीन्स-टी-शर्टातला, डोळ्यांवर काळा चष्मा असलेला तरुण माणूस आता शाळेत शिरला की पोरं लगेच उठून नमस्ते करतात. तो शिक्षक नाही हे पक्कं असतं, म्हणजे मोठाच कुणी असणार. एकदा असा एक जण आला, बाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला, हजेरीपट समोर ठेवला. त्याने तो शांतपणे चाळला, दोन पानं उलटली आणि विचारलं, “बाई, पाण्याच्या टाकीचा फिल्टर बदलायचाय म्हणून फोन आला होता.”

चहाचं निघालंच आहे तर हेही सांगून टाकतो. शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं. पट एकतीस ते शंभर असेल तर २५,००० रुपये. त्यात खडू, रजिस्टर, झाडू, डागडुजी, रंग, वीजबिल आणि स्वच्छता सगळं बसवायचं. चहा कुठेच बसत नाही. शाल-श्रीफळ तर नाहीच नाही. ते बाईंच्या पर्समधून येतं. पोषण आहाराचा हिशेब तर ग्रॅममध्ये चालतो : पहिली ते पाचवी दर पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५०. पाहुण्यामागे किती, याचा उल्लेख कुठल्याही परिपत्रकात नाही. पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि एखाद्या पालकाने चव घ्यावी आणि तशी वहीत नोंद करावी, अशी एक चांगली पद्धत आहे. चव म्हणजे किती, हे मात्र ठरवलेलं नाही. काही पाहुण्यांची चव दोन ताटांत पुरी होते. २०२३ च्या अखेरीला आठवड्यातून एक अंडं सुरू झालं तेव्हा तर अंड्याच्या दिवशी आमच्या शाळेबद्दल परिसरात जी आस्था निर्माण झाली तिला तोड नव्हती. त्या दिवशी खिचडीऐवजी अंड्याची चव घेण्याचा आग्रह होऊ लागला. अंडं चव घेऊन परत ठेवता येत नाही, ही त्यातली अडचण.

तंबाखूचा नियम आमच्याकडे सर्वांत कडक. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे, सार्वजनिक जागी धूम्रपान केलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद. शाळेने रस्त्यावर पिवळी रेघ मारून घेतली आणि भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असं लिहिलं. ते बघायला आलेल्या पथकातल्या एका गृहस्थांनी फाटकापाशी तोंड मोकळं केलं, चूळ भरली, आणि आत येऊन पोरांना शपथ दिली. भिंत नसल्यामुळे ते आवाराबाहेर थुंकले की आत, यावर समितीत पुष्कळ चर्चा झाली.

पण खरी मजा शंभर यार्डांची आहे. निवडणुकीच्या दिवशी शाळेचं मतदान केंद्र होतं, आणि मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. त्या दिवशी आणखी एक रेघ पडते, फक्कीची, पांढरी. आता शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. त्यामुळे पिवळ्या आणि पांढऱ्या रेघांच्या मध्ये साडेआठ मीटरचा एक पट्टा उरतो. नाम्याची टपरी बरोबर त्या पट्ट्यात आहे. तिथे तंबाखू मागणं कायदेशीर आणि मत मागणं बेकायदेशीर. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वाक्यात मागितली जातात. बंदोबस्ताच्या पोलिसाने एकदा टोकलं, तर उमेदवाराचा माणूस म्हणाला, “साहेब, मी चुना मागत होतो.” नाम्याने आजवर एकही निवडणूक लढवली नाही, पण तालुक्याच्या राजकारणात त्या साडेआठ मीटरला वजन आहे.

मतदानाचे पाहुणे दोन दिवसांचे. आदल्या दिवशी यंत्रांच्या पेट्या घेऊन येतात, फळ्यावरचा सुविचार पुसून सूचना लिहितात, आणि रात्री बाकं जोडून त्यांवर झोपतात. दुसऱ्या दिवशी पक्षांचे प्रतिनिधी पहिलीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन दिवसभर बसतात. एरवी ज्यांना सोफ्यावरही जागा अपुरी पडते त्यांना असं बसलेलं बघायला मी मतदान करूनही तासभर रेंगाळतो. जाताना ते भिंतीवर गेरूने यादीचा भाग क्रमांक सोडून जातात. आमच्या शाळेच्या भिंतीवर ‘अ अननसाचा’च्या शेजारी तो इतकी वर्षं आहे की पहिलीची पोरं तोही वाचून दाखवतात.

मुक्कामाचे पाहुणे सगळ्यांत चांगले, हे मी इथे नोंदवून ठेवतो. माझी मावसबहीण माळशिरसच्या पट्ट्यात शिक्षिका आहे, पालखीच्या वाटेवर. आषाढात तिच्या शाळेत दिंडी उतरते. पहाटे निघण्याआधी वारकरी वर्ग झाडून घेतात, पिंपं भरून ठेवतात, आणि फळ्यावर ठसठशीत ‘रामकृष्णहरी’ लिहून जातात. ते पुसायला कुणी धजत नाही, त्यामुळे पुढचे दोन दिवस गणित फळ्याच्या कडेकडेने चालतं. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्या शाळांनी गावंच्या गावं पोटात घेतली. तेव्हा कुणी कुणाची ओळख विचारली नाही आणि वहीत कारणही लिहून घेतलं नाही.

आणि २०२०. त्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्या माणसांना गावोगावच्या शाळांत चौदा दिवस ठेवलं गेलं. आमच्या शाळेत जे होते त्यांतले निम्मे चौथीनंतर शाळेकडे न फिरकलेले. इतके दिवस सलग हजेरी त्यांनी आयुष्यात दिली नव्हती. बाहेर पडले तेव्हा भिंतीवरचे सगळे सुविचार, ऋतूंची चित्रं, अपूर्णांकाचे गोल आणि सौरमालेतले ग्रह त्यांना पाठ होते. एक जण तर आजही कुठल्याही वादात “गुरूला सगळ्यात जास्त वजन असतं” असं म्हणतो आणि गुरुजी उगाच सुखावतात. तो ग्रहाबद्दल बोलत असतो.

दात्यांबद्दल वाईट बोलू नये. वह्या येतात, दप्तरं येतात, कुणाच्या वाढदिवसाला खाऊ येतो. पण वाटपाचा फोटो बघा. एक वही, तिला नऊ हात लागलेले, आणि खाली कुठेतरी वहीच्या मागे एका पोराचं कपाळ. वहीच्या वेष्टनावर नेत्याचं छायाचित्र असतं. मध्येच आचारसंहिता लागली की गुरुजींना साठ वह्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागतं, आणि वर्तमानपत्राच्या त्या पानावर नेमके तेच नेते निघतात. ‘मुलांचे फोटो काढू नयेत’ हा नियम दात्यांना वाचून दाखवला तर ते समजुतीने म्हणतात, “बरोबर आहे. मुलं जरा बाजूला घ्या.”

या सगळ्या गर्दीत पाटीवरचा नियम मी एकाच व्यक्तीला मनापासून पाळताना पाहिलं आहे. पावसाळ्यात एका सकाळी दुसरीतल्या एका मुलीची आई आली होती. शेतावरून तशीच आली असावी, पायाला चिखल होता. मुलीला रात्री ताप होता, औषधाची बाटली घरी राहिली होती. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे भिंत नाही, सरळ चालत आली तर वर्गाचं दार वीस पावलांवर. ती कुलूप लावलेल्या फाटकापाशी उभी राहिली. शेजारून शेळ्या गेल्या, ग्रामपंचायतीचा शिपाई गेला, कुणीतरी सायकल घेऊन आरपार निघून गेलं. ती तिथूनच एका पोराला म्हणाली, “बाईंना इचार, येऊ का म्हणून.”

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दंड करून का होईना, पण सरकारला तेव्हा आईबाप शाळेच्या दारापर्यंत यायला हवे होते. शंभर वर्षांत ते दारापर्यंत आले. तिथे पाटी आहे.

बाई स्वतः धावत गेल्या, किल्ली शोधत बसल्या नाहीत, कडेने गेल्या.

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण उघडकीला आल्यावर शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलींसाठी समिती यांबद्दल आदेश निघाले, आणि ज्याच्या घरी शाळेत जाणारी मुलगी आहे तो त्यावर विनोद करणार नाही. आमच्याकडे तक्रारपेटी लागली. कॅमेराही लागला, वर्गणी काढून. वीजबिल थकल्यामुळे तो चालू असतोच असं नाही, पण त्याच्याखालून जाताना माणसं केस सारखे करतात आणि तोंडातलं गिळून टाकतात. एवढं काम आजवर पाटीने केलेलं नव्हतं.

तर नियमावलीची सभा. आम्ही नमुन्यात दुरुस्त्या सुचवायला बसलो. हेडबाईंनी सुचवलं, पाहुणा कितीही मोठा असो, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसू नये. अध्यक्षांना ते फार धाडसाचं वाटलं. त्यांनी ‘शक्यतो’ हा शब्द घातला. गुरुजींनी सुचवलं, पाहुण्याने विचारलेल्या पाढ्याचं उत्तर त्याला स्वतःला यावं. यावर सदस्यांत चिंता पसरली, कारण शाळेत आल्यावर आपणही अधूनमधून विचारतो हे सगळ्यांना आठवलं. मी सुचवलं, पोरांच्या आईला परवानगीची अट नसावी. तेव्हा एका सदस्याच्या यजमानांनी विचारलं, “आणि वडिलांना?” मग वडील, मग आजोबा, मग चुलते, मग ज्यांच्या आजोबांनी जागा दिली ते, असं करत करत सवलतीची यादी नियमांपेक्षा लांब झाली आणि उरला फक्त फिल्टरवाला.

“जादूगार राहिला,” बाई म्हणाल्या.

जादूगार दिवाळीच्या आधी एकदा येतो. बारीक, उंच, हातात पत्र्याची पेटी. आल्यावर तो फाटकाबाहेर थांबतो. किल्ली येईपर्यंत थांबतो. खिशातून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याचं परवानगीपत्र काढतो, वहीत नाव, गाव, वेळ आणि कारण लिहितो. (कारण : मनोरंजन. त्या रकान्यात इतका खरा शब्द दुसऱ्या कुणी लिहिलेला मी पाहिला नाही.) चपला बाहेर काढतो. मोबाईल बंद करून बाईंच्या टेबलावर ठेवतो. खुर्ची दिली तर “नको बाई, तुमची आहे” म्हणतो आणि पेटीवर बसतो. मधल्या सुट्टीनंतरच प्रयोग सुरू करतो, कुणालाही मोठेपणी कोण होणार ते विचारत नाही. पोरांकडून पाच-पाच रुपये घेतो, ज्यांच्याकडे नसतात त्यांना पुढे बसवतो. खिचडीची चव घेत नाही, डबा आणलेला असतो. टोपीतून कबुतर काढतो, गुरुजींच्या कानातून नाणं काढतो, आणि शेवटच्या प्रयोगात पेटीसकट पडद्याआड जाऊन नाहीसा होतो. घंटा होते तेव्हा तो खरोखरच नसतो; कडेने, भिंत नसलेल्या बाजूने निघून गेलेला असतो.

बाईंनी सभेच्या इतिवृत्तात शेवटचा ठराव स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि तो एकमताने पास झाला : जादूगारास परवानगीची अट राहणार नाही; इतर सर्व अभ्यागतांनी त्याच्याकडून निदान शेवटचा प्रयोग शिकून घ्यावा.